पाऊस आला की ट्रिप, ऊन पडलं की ठीक: जमिनीतल्या आर्मर्ड केबलचा फॉल्ट कसा शोधायचा

मीटर रूमपासून पंप रूमपर्यंत गाडलेली आर्मर्ड केबल, म्हणजे लोखंडी कवच (आर्मर) असलेली केबल, काही वर्षं बिनतक्रार चालते आणि मग एखाद्या पावसाळ्यात नखरे सुरू होतात. सकाळी आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) पडते, दुपारी उचलली तर टिकते, रात्री परत पडते. मोटर भरणारा म्हणतो मोटर चोख आहे, वायरमन म्हणतो बोर्ड चोख आहे. उरली केबल, आणि ती तर पेव्हर ब्लॉकच्या खाली. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनच सूचना येतात: नवी केबल टाका, नाहीतर जेसीबी बोलवा. दोन्ही घाईच्या आहेत. अशा तक्रारींत दोष बहुधा केबलच्या टोकांना किंवा जुन्या जॉइंटमध्ये निघतो. सलग केबलच्या मध्यावर तो क्वचित असतो, आणि असलाच तर तिथे आधी कुणाची तरी कुदळ पोहोचलेली असते. म्हणून खोदाई सगळ्यात शेवटी.

हिशेबासाठी खाली एकच केबल धरली आहे: ४ कोर (आतल्या चार वेगळ्या वायरी), १६ चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम, ११०० व्होल्ट ग्रेड, लांबी १२० मीटर. तिच्यावर ५ एचपीची थ्री फेज मोटर आणि एका फेजवर बागेचे दिवे. शेतात मीटरपेटीपासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत गेलेल्या केबललाही हीच पद्धत लागू पडते.

आधी लक्षण नीट ओळखा

"लाइट जाते" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय पडतं ते बघा.

- फक्त आरसीसीबी पडते, एमसीबी (शॉर्ट किंवा जास्त करंट झाला की पडणारा स्विच) जागेवर राहते: करंट जमिनीकडे गळतोय. ओल, फुटलेलं इन्सुलेशन किंवा न्यूट्रलचा अर्थला स्पर्श.
- एमसीबी उचलताच आवाज करून पडते: थेट शॉर्ट. फेज फेजला किंवा फेज आर्मरला टेकलाय.
- मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि ओव्हरलोड रिले पडतो: एक फेज पोहोचत नाही. कोर तुटलाय किंवा थिंबल (कोरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) जळलंय.
- रिकाम्या लाइनवर व्होल्टेज पुरेसं, मोटर लावली की कोसळतं: कुठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे.
- पंपाला, दिव्याच्या खांबाला किंवा ओल्या जमिनीवर झिणझिण्या येतात: पुढे वाचू नका. मेन बंद करा, त्या जागेकडे कुणाला जाऊ देऊ नका आणि वायरमनला बोलवा.

लक्षणासोबत वेळही लिहा: पाऊस पडल्यावर किती वेळाने, बागेला पाणी घातल्यावर की मोटर सुरू करताना. पाऊस सुरू होताच पडत असेल तर पाणी उघड्यावरच्या पेटीत शिरतंय. चार-सहा तासांनी पडत असेल तर ते जमिनीत झिरपून खाली पोहोचतंय. एवढ्या नोंदीवरून निम्मं काम होतं आणि खर्च शून्य.

हात लावण्याआधी

मेन बंद, शक्य असेल तर कुलूप, आणि "काम चालू आहे" अशी पाटी. त्यानंतर चालू अवस्थेत तपासून घेतलेल्या टेस्टरने किंवा मीटरने प्रत्येक फेज मेला आहे याची खात्री. केबलला जनरेटर किंवा चेंजओव्हर जोडलेला असेल तर दुसऱ्या बाजूनेही पुरवठा येऊ शकतो, हे बहुतेक वेळा विसरलं जातं. झाकणं उघडणं, आत नजर टाकणं, नोंदी ठेवणं कुणीही समजूतदार माणूस करू शकतो. जोड खोलणं, चालू लाइनवर मोजणं आणि मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावणं ही परवानाधारक वायरमनची कामं. मीटरच्या आधीचा, पुरवठ्याकडचा भाग महावितरणचा आहे, तिथल्या सीलला हात लावायचा नाही. दोष तिकडचा वाटला तर १९१२ वर तक्रार.

१. लोड वेगळं करा

केबलवर आळ घेण्याआधी तिच्या टोकाला जे लटकलंय ते सोडवा. पंप रूममधला आयसोलेटर सगळे पोल तोडणारा असेल तर तो नुसता बंद करा, नसेल तर वायरमनकडून मोटरच्या वायरी सोडवून घ्या. मग मेन चालू करा. पूर्ण ओल असलेल्या दिवशी तासभर आरसीसीबी टिकली तर केबल निर्दोष सुटली. पुढचा शोध मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, फ्लोट स्विचच्या वायरीत आणि स्टार्टरमध्ये घ्या. फ्लोट स्विच विशेष बघा. टाकीत लोंबणाऱ्या त्या वायरीचं आवरण चिरलं की पाणी सरळ तांब्याला भिडतं आणि बिल केबलच्या नावावर फाटतं.

पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर त्याच्या फिल्टरमधून थोडा करंट कायमच अर्थला जातो. अशा ठिकाणी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी विनाकारण पडू शकते. हा केबलचा फॉल्ट नाही, निवडीचा प्रश्न आहे.

२. न्यूट्रलची खोड

"बागेची एमसीबी बंद आहे, तरी आरसीसीबी पडतेच" असं कुणी सांगितलं की पहिला संशय न्यूट्रलवर घ्यायचा. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो जमिनीत कुठे आर्मरला टेकला असेल तर जिन्याच्या दिव्यांचा किंवा लिफ्टचा न्यूट्रल करंट काही आरसीसीबीतून परततो, काही त्या टेकलेल्या जागेतून अर्थमध्ये जातो, आणि आरसीसीबीला हिशेब जुळत नाही. म्हणूनच असा फॉल्ट दुसरंच काही चालू केल्यावर दिसतो आणि माणसं चुकीच्या सर्किटमागे लागतात.

खात्री करायला मेन बंद करून संशयित सर्किटचा न्यूट्रल लिंकवरून काढायचा, टोक इन्सुलेट करायचं आणि मेन चालू करायचा. आता टिकली तर दोष त्याच केबलच्या न्यूट्रल कोरमध्ये आहे. दहा मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळे चांगल्या आरसीसीबी बदलल्या जातात.

इथेच एक वाईट प्रथा सांगायला हवी. न्यूट्रल कोर तुटला की काही जण आर्मरलाच न्यूट्रल करून देतात. दिवे लागतात, सगळे खूश. पण आर्मर कुठे गंजून तुटलं की पंपाचा सांगाडा थेट फेजवर येतो. असं जोडलेलं दिसलं तर ती लाइन त्याच क्षणी बंद करा. आरसीसीबी काढून थेट जोडणं हेही त्याच माळेतलं.

३. दोन्ही टोकं, ग्लँड आणि जंक्शन बॉक्स

सगळ्यात जास्त फॉल्ट इथे सापडतात, म्हणून इथे वेळ घालवा. मेन बंद करून दोन्ही पेट्या उघडा आणि टॉर्च मारा.

केबल पेटीत वरून शिरते की खालून? वरून शिरत असेल आणि पेटी उघड्यावर असेल तर पावसाचं पाणी आवरणावरून ओघळत थेट ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथे तिला पकडणारा धातूचा भाग) उतरतं. एकाच ठिकाणी दाबणारा साधा ग्लँड फक्त आर्मर पकडतो, पाणी अडवत नाही. उघड्यावर डबल कम्प्रेशन ग्लँडच हवा. त्याचं रबर रिंग कडक झालंय का, नट हाताने फिरतोय का ते बघा.

आता ग्लँडच्या वर, जिथे चार कोर वेगळे होतात तो फाटा. इथे इनर शीथ (कोरांभोवतीचं आतलं आवरण) संपते आणि कोरांच्या बेचक्यात धूळ, मुंग्यांची माती, कधी पालीची विष्ठा साचते. कोरडी असताना ही माती काही करत नाही. ओली झाली की तिच्यातून फेज आणि आर्मर यांच्यामध्ये वाट तयार होते. कोरडं फडकं आणि ब्रश फिरवून हा भाग स्वच्छ करा, हेअर ड्रायरने पंधरा मिनिटं कोरडा करा. कोरांचा रंग फिका पडून त्यांना बारीक भेगा गेल्या असतील तर ते उन्हाचं काम आहे. आतल्या कोरांचं इन्सुलेशन उन्हात राहण्यासाठी बनवलेलं नसतं, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी लागते.

मग थिंबलं. ॲल्युमिनियमच्या कोरवर पांढरी भुकटी दिसली तर ओल आत शिरलेली आहे. ती भुकटी ॲल्युमिनियमच्याच गंजाची, वीज न वाहणारी. ती वाढत जाते, जोड गरम होतो, पीव्हीसी तपकिरी पडते आणि शेवटी कोर थिंबलपाशी तुटतो. ॲल्युमिनियमचा कोर तांब्याच्या पट्टीला जोडताना बायमेटल थिंबल लागतं. साधं तांब्याचं थिंबल ओलीत ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. पकडीने चेपलेलं थिंबल तर जोडच नव्हे, ते मापाच्या डायने क्रिंप केलेलंच हवं.

बागेच्या दिव्यांच्या लाइनवर प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी जोड असतो. तिथल्या झाकणाचे स्क्रू गंजून पडलेले असतात आणि स्प्रिंकलरचं पाणी सरळ आत जातं. आठ खांब असतील तर एकापासून सुरुवात करू नका. चौथ्या खांबावर पुढची केबल वेगळी करा. अलीकडचा भाग टिकला तर दोष पुढच्या चारांत, नाही टिकला तर पहिल्या चारांत. तीनदा निम्मं केलं की नेमका तुकडा हातात येतो.

४. केबलच्या वाटेवरून चालत जा

हातात सोसायटीचा जुना नकाशा असो वा नसो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. गेल्या दोन वर्षांत कुठे खणलंय? गॅसची पाइपलाइन, इंटरनेटची केबल, नवी झाडं, रेलिंगचे खांब, पत्र्याच्या शेडचे अँकर. शेतात ठिबकची चर, नांगर, बांध घालताना चाललेलं यंत्र. घुशींची बिळंही बघा.

खणताना केबल तुटत नाही, फक्त वरचं काळं आवरण चिरतं, आणि खणणारा माती लोटून निघून जातो. त्या चिरेतून पाणी आर्मरपर्यंत जातं. आधी आर्मरचं जस्त जातं, मग लोखंड गंजतं, मग ओल इनर शीथमधून कोरापर्यंत पोहोचते. यात काही महिने जातात, कधी काही वर्षं. म्हणून एप्रिलमधल्या खोदाईचा फॉल्ट जुलैत किंवा पुढच्या जुलैतही उगवू शकतो आणि दोघांचा संबंध कुणाला लागत नाही.

चालताना एखाद्या जागी जमीन कोमट, पेव्हर खचलेला किंवा वाफ येताना दिसली तर तिथून मागे फिरा आणि मेन बंद करा.

५. लोडवर व्होल्टेज आणि टेस्टलॅम्प

ही चालू लाइनवरची चाचणी, म्हणून वायरमनच्या हातून. तक्रार व्होल्टेजची किंवा घुमणाऱ्या मोटरची असेल तरच करायची.

१६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १.९१ ओहम. म्हणजे १२० मीटरच्या एका कोरचा साधारण ०.२३ ओहम. ५ एचपीची मोटर साडेसात ॲम्पिअरच्या आसपास घेते, तेव्हा फेज ते फेज घट जेमतेम ३ व्होल्ट यायला हवी. मीटर रूममध्ये ४१५ आणि मोटर चालू असताना पंप रूममध्ये ३९५ दिसत असतील तर १७ व्होल्ट कुठल्यातरी जोडात जळतायत. प्रत्येक जोडीचं व्होल्टेज वेगळं मोजा. ज्या फेजचा समावेश असलेल्या दोन्ही जोड्या कमी येतात, तोच फेज दोषी. व्होल्टेजमधला फरक बारीक वाटला तरी करंटमध्ये तो कैक पटीने दिसतो, म्हणून तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने सोबतच मोजा.

तुटलेल्या कोरवर डिजिटल मीटर फसवतो. शेजारच्या चालू कोरांमुळे मेलेल्या कोरवरही त्याला ८०, १०० व्होल्ट दिसतात आणि "व्होल्टेज कमी येतंय" असा निष्कर्ष निघतो. तिथे १०० वॉटचा साधा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये लावा. बल्ब लागलाच नाही तर कोर तुटलेला आहे. फेज ते फेज तपासायला एकच बल्ब लावू नका, ४१५ व्होल्टला तो फुटतो. दोन सारखे बल्ब सीरिजमध्ये हवेत.

६. मेगर

मल्टिमीटरने ओहम मोजून "केबल चांगली आहे" म्हणण्यात अर्थ नाही. तो दोन-तीन व्होल्टवर मोजतो. ओलीची गळती व्होल्टेज वाढल्यावरच उघडी पडते. २४० व्होल्टला ३० मिलिॲम्पिअर म्हणजे ८ किलोओहमची वाट, आणि आरसीसीबी निम्म्या करंटच्या पुढे कधीही पडू शकते, म्हणजे १६ किलोओहमही पुरतात.

केबलची दोन्ही टोकं मोकळी करा: मोटर, स्टार्टर, दिव्यांचे ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्शन, आरसीसीबी, सगळं सोडलेलं. एलईडी ड्रायव्हर जोडलेला राहिला तर आकडा खोटा येतो आणि ड्रायव्हरही जातो. दुसऱ्या टोकाला माणूस उभा करा. आधी ५०० व्होल्टवर मोजा. आकडे बरे आले तर १०००वर. प्रत्येक वेळी मिनिटभर धरा.

मोजायच्या जोड्या: प्रत्येक कोर ते आर्मर, मग कोर ते कोर.

चांगली केबल शेकडो मेगाओहम दाखवते. १ मेगाओहमच्या खाली असेल तर लाइन चालू करायची नाही. मधल्या आकड्यांत विचार करावा लागतो, कारण लांबी दुप्पट झाली की आकडा निम्मा होतो आणि पीव्हीसी केबल उन्हात तापली की तो आणखी उतरतो. म्हणून एका आकड्यापेक्षा चार कोरांची आपसात तुलना जास्त बोलते. तीन कोर ३०० मेगाओहम आणि एक ०.२ असेल तर त्या एका कोरला कुठेतरी घाव आहे. चारही कोर सारखेच खाली असतील तर पाणी आत शिरलंय किंवा टोकं ओली आहेत. तेव्हा फाटा पुन्हा कोरडा करून परत मोजा. आकडा एकदम वर उडाला तर केबल वाचली.

मोजून झालं की कोर आर्मरला टेकवून डिस्चार्ज करा. लांब केबल मेगरनंतर चांगला झटका देते.

७. आर्मर ते जमीन

ही चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि जमिनीत नेमकं काय झालंय हे तीच सांगते. दोन्ही टोकांना आर्मरची अर्थिंग सोडवा, ग्लँड धातूच्या पेटीपासून वेगळे करा आणि आर्मर ते अर्थ ५०० व्होल्टवर मोजा. बाहेरचं आवरण अखंड असेल तर मेगाओहममध्ये आकडा येतो. शून्याजवळ आला तर वाटेत कुठेतरी आवरण फाटलंय.

आता दोन्ही निकाल एकत्र वाचा. कोर खराब आणि आवरण चांगलं: पाणी टोकांतून किंवा जॉइंटमधून शिरलंय, खणायची गरज बहुधा नाही. कोर खराब आणि आवरणही खराब: चौथ्या पायरीत सापडलेल्या खोदाईच्या जागा आता संशयित. कोर चांगले, आवरण खराब: आज ट्रिपिंग दुसऱ्या कशामुळे आहे, पण या केबलचा फॉल्ट वाटेवर आहे.

आर्मर सुटलेलं असताना पंपाला अर्थिंग नसते. ती परत जोडून, नट आवळूनच मेन चालू करायचा.

इथे थांबा आणि केबल फॉल्ट शोधणाऱ्याला बोलवा

टोकं स्वच्छ आहेत, लोड सुटलेलं आहे, तरी मेगर खाली आहे, तर पुढचं काम साध्या अवजारांचं नाही. एखादा कोर तरी चांगला असेल तर मरे लूप ब्रिजने अंतर काढता येतं: चांगला आणि खराब कोर दूरच्या टोकाला जोडायचे, आणि ब्रिजच्या प्रमाणाला दुप्पट लांबीने, म्हणजे आपल्या केबलसाठी २४० मीटरने, गुणायचं. टीडीआर (केबलमध्ये पल्स सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर काढणारा मीटर) तुटलेला कोर आणि कडक शॉर्ट छान दाखवतो, ओलसर गळती सहसा त्याच्या नजरेतून सुटते. अशा वेळी सर्ज जनरेटर (उच्च व्होल्टेजचे झटके देऊन फॉल्टची जागा उघड करणारं यंत्र) लागतो, आणि तो ११०० व्होल्टच्या केबलवर जपून वापरणारा माणूसही लागतो. बोलावताना लांबी, कोरचा आकार, मेगरचे सगळे आकडे आणि खोदाईच्या जागा तयार ठेवा. त्यांचा अर्धा दिवस वाचतो, तुमचे पैसे.

एमसीबी पुन्हा पुन्हा उचलून फॉल्ट "जाळून" काढायचा उद्योग करू नका. पेटीत आग लागते.

जॉइंट मारताना

जागा सापडली की हाताने खणा, पहारीचा घाव घालू नका. नियमाप्रमाणे केबल पाऊण मीटर खोल, वाळू आणि विटांखाली हवी. प्रत्यक्षात ती फूटभरावरही लागते.

खराब भाग कापल्यावर कोरच्या आतल्या तारा बघा. चकचकीत ॲल्युमिनियम दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी मागे कापत जा. पांढरी भुकटी शिल्लक ठेवून मारलेला जॉइंट पुढच्या पावसाळ्यात परत येतो, कारण पाणी तारांमधून लांबवर ओढलं गेलेलं असतं. लांबी कमी पडली तर मध्ये तुकडा टाकून दोन जॉइंट करा, ताणून एक नको. मापाचं हीट श्रिंक किंवा रेझिनचं जॉइंट किट, क्रिंप केलेले फेरूल (दोन कोर जोडणाऱ्या धातूच्या नळ्या), आणि आर्मर ते आर्मर वेणीने जोडलेलं. ही वेणी राहिली तर पंपाची अर्थिंग तिथेच तुटते, आणि पुढचा फॉल्ट ट्रिप न होता माणसाला झटका देतो. नुसती टेप गुंडाळून जमिनीत गाडलेला जॉइंट म्हणजे ओलीला आमंत्रण.

माती लोटण्याआधी मेगर, माती लोटल्यावर पुन्हा मेगर. भिंतीपासून जॉइंटचं अंतर पंप रूमच्या भिंतीवर रंगाने लिहा. मेगरचे आकडे, तारीख आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन, हे पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या मे महिन्यात त्याच जोड्या पुन्हा मोजायच्या. एखादा आकडा दहापट खाली आला असेल तर पावसाची वाट न बघता आधी दोन्ही ग्लँड उघडा.